लिंबावरची अळी आणि राणी पाकोळी

पावसाने जरा उघडीप दिली की जास्वंदीवर किंवा मुसांड्यावर तळहाताएवढे काळे-निळे फुलपाखरू उतरते. पंख फडफडवतच मध पिते आणि मोबाइल काढेपर्यंत कुंपणापलीकडे गेलेले असते. हे ब्ल्यू मॉरमॉन. मराठीत नीलवंत किंवा राणी पाकोळी. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. राज्य फुलपाखरू ठरवणारे आपले राज्य देशात पहिले.

पसरलेल्या पंखांची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर. पुढचे पंख मखमली काळे, त्यांवर निळसर पट्टे. मागच्या पंखांचा बाहेरचा मोठा भाग फिकट निळा आणि त्यावर काळे ठिपके. पंख मिटले की खालच्या बाजूला, धडालगत लाल डाग दिसतात. सह्याद्रीतले सदर्न बर्डविंग याहून मोठे, पण त्याचे मागचे पंख पिवळे असल्याने गल्लत होत नाही.

गंमत अशी, की हे ‘स्वॅलोटेल’ कुळातले असूनही याला शेपटी नसते. बागेत शेपटीवाले काळे फुलपाखरू दिसले, तर ते बहुधा त्याचे धाकटे भावंड, कॉमन मॉरमॉन. त्याच्या नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. मादी मात्र तीन रूपांत भेटते. एक नरासारखी, उरलेल्या दोन कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. पक्षी फसतात, आपण फसू नये: खऱ्या रोझचे धड लाल असते, नकली मादीचे काळे. एका नराच्या इतक्या तऱ्हेच्या बायका, म्हणून इंग्रजांनी बहुपत्नीत्वासाठी गाजलेल्या अमेरिकेतल्या पंथाचे नाव दिले. निळ्या भावंडाने ते विनाकारण वाहिले आहे.

खरी गफलत होते ती अळीपाशी. कुंडीतल्या लिंबावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी काही दिसते, दोन दिवसांत पाने कुरतडली जातात आणि फवारणीचा पंप निघतो. ती विष्ठा म्हणजे या मंडळींची लहान अळी. पुढे ती हिरवीगार होते, डिवचली तर डोक्यामागून लालसर दुभंगलेले शिंग काढून उग्र वास सोडते. तेवढेच तिचे शस्त्र. ती चावत नाही, हाताला खाजही येत नाही. लिंबू, पपनस आणि रानातला माकडलिंबू ही नीलवंताच्या अळीची झाडे. कॉमन मॉरमॉनला कढीपत्ताही चालतो.

मोठ्या झाडाला चार-पाच अळ्यांनी काही होत नाही. रोप लहान असेल, तर अळी पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवावी. मात्र ते झाड लिंबाच्याच जातीचे हवे. जास्वंदीवर ठेवली तर ती उपाशी मरेल.