तापीवर ताफा सोडायचा तर

नकाशावर तापी पाहिली की वाटतं, या नदीनं शतकानुशतकं माणसं आणि माल सुरतेला वाहून नेला असणार. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम, मग बऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशा, मांडवी आणि शेवटी सुरत. 724 किलोमीटरांची, जवळजवळ सरळ पश्चिमेला गेलेली रेघ. मोगल अमदानीत बऱ्हाणपूर म्हणजे दख्खनच्या कारभाराचं ठाणं, आणि सुरत म्हणजे मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचं नि जगभरच्या व्यापाऱ्यांचं बंदर. दोन्ही शहरं एकाच नदीच्या काठावर. चार ओंडके बांधावेत, वर कापडाचे गठ्ठे टाकावेत, ताफा प्रवाहाला लावून द्यावा. इतकं सोपं दिसतं.

पण जुने प्रवासी पाहावेत तर सगळे धुळीतून चाललेले. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो 1615 साली सुरतेहून बऱ्हाणपूरला शाहजादा परवेझच्या दरबारी गेला, तो व्यारा, नवापूर, नंदुरबार असा खुष्कीच्या मार्गानं. पंधरा वर्षांनी पीटर मंडी गेला तो दुष्काळानं उजाड झालेल्या मुलखातून, तोही जमिनीवरूनच. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेबाहेर तळ दिला तो बऱ्हाणपूर दरवाज्यापाशी. शहराच्या या दरवाज्याला वरच्या अंगाच्या शहराचं नाव होतं, पण तो नदीकडे उघडत नव्हता, गाडीवाटेकडे उघडत होता. बैलांचे तांडे, उंट, गाडे यांचा राबता तिथून. नदी बाजूला वाहत राहिली.

याचं उत्तर नदीच्या पात्रातच आहे. तापीचं खोरं 65 हजार चौरस किलोमीटरांहून मोठं, पण पाणी जवळपास सगळं पावसाळ्यातलं. खानदेशात ती काळ्या-पिवळ्या गाळाच्या उंच दरडींमधून खोल वाहते. काठावरच्या गावाला नदी दिसते, पण तिच्यापाशी उतरायला घळीतून वाट शोधावी लागते. भुसावळपासून खाली जागोजाग काळ्या बसाल्टचे खडक पात्रात उघडे पडलेले. उन्हाळ्यात दोन डोहांमधून घोट्याएवढी धार, आणि आषाढ-श्रावणात एका रात्रीत दरड पोखरणारा लोंढा. पुण्याच्या विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि प्रमोद हिरे यांनी तापीच्या पुरांचा बारकाईनं अभ्यास केला आहे. अशा नद्यांमध्ये पात्र घडवण्याचं काम वर्षभराचं पाणी करत नाही, क्वचित येणारे प्रचंड पूर करतात. ज्या पाण्यात ताफा चालण्याइतकी खोली आहे, त्या पाण्यात तो माणसाच्या हाती राहत नाही. जेव्हा हाती राहील, तेव्हा तो खडकाला टेकतो.

इंग्रजांनी गोदावरीवर असला हट्ट करून पाहिला होता. आर्थर कॉटनच्या डोक्यातून निघालेली गोदावरी जलमार्गाची योजना सिरोंच्यापर्यंत आणि त्याच्याही वर बोटी नेणार होती. बरीच वर्षं आणि बराच पैसा खर्चून 1871 च्या सुमारास ती सोडून दिली गेली. तापीच्या बाबतीत तेवढंही कुणी मनावर घेतलं नाही. मला विचाराल तर सरकारी शहाणपणाचा हा दुर्मीळ नमुना.

लाकूड तरी नदीतून यावं, तर त्यातही गोम आहे. सुरत एके काळी जहाजबांधणीचं गाव. लवजी नसरवानजी वाडिया 1736 च्या सुमारास इथूनच मुंबईला गेला आणि मुंबईच्या गोदीचं नाव झालं. जहाजाला साग लागतो, आणि सुरतेच्या पाठीशी डांगचं सागवान. 1842 साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून ती जंगलं पट्ट्यानं घेतली. त्या राजांच्या वारसांना आजही आहव्याच्या डांग दरबारात वर्षासन मिळतं. पण डांगच्या नद्या तापीला मिळतच नाहीत. तिथली पूर्णा नवसारीकडे जाते (ही विदर्भातल्या पूर्णेहून वेगळी), अंबिका बिलिमोऱ्याकडे. शिवाय सागाचा ताजा ओंडका पाण्यात धड तरंगत नाही. ब्रह्मदेशात त्यासाठी उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि रसकाठ खोल कापून ते दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत, मग तोडत. तसल्या वाळलेल्या ओंडक्यांचे लांबलचक ताफे इरावतीतून रंगूनला उतरत. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईच्या कंपनीचा सगळा पसारा त्यावर चालायचा. तिच्या ओंडक्यांवरून झालेल्या तंट्याचं निमित्त करून 1885 साली इंग्रजांनी मंडालेचं राज्य बुडवलं.

ताफ्याचा मूळ धर्म असा की तो एकाच दिशेनं जातो. अमेरिकेत ओहायो-मिसिसिपीवर शेतकरी चौकोनी, सपाट तळाची नाव घरीच ठोकत, धान्य आणि डुकराचं मांस भरून न्यू ऑर्लीन्सला उतरवत, तिथं माल विकत आणि नावही फोडून लाकडाच्या भावानं विकत. परतीचा प्रवास पायी, नाहीतर पुढे आगबोटीनं. अब्राहम लिंकन विशी-बाविशीत, 1828 आणि 1831 साली, असा दोनदा गेला होता. तैग्रिसवर फुगवलेल्या कातड्यांचा ताफा बगदादला पोचला की त्याची लाकडं विकायची आणि हवा काढलेली कातडी गाढवावर लादून वर न्यायची, ही रीत विसाव्या शतकापर्यंत होती. प्रवाह फुकट आहे तो खाली जाताना. वर येण्याचं काय, या प्रश्नाला ताफ्याकडे उत्तर नसतं.

तरीही समजा, आज कुणाला भुसावळहून सुरतेला घरच्या ताफ्यावरून जायचंय. ताफा बांधणं अवघड नाही. खानदेशातलं पोर पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतं, तोच हिशेब मोठा करायचा. 200 लिटरचं बुचाचं निळं पिंप पूर्ण बुडालं तर 200 किलो पाणी बाजूला सारतं, त्याचं स्वतःचं वजन आठ-दहा किलो. म्हणजे एक पिंप 190 किलो उचलतं. सहा पिंपं घेतली की अकराशे किलोंच्या वर. बांबूंची चौकट, वर फळ्या, चार माणसं, पीठ-मीठ, भांडीकुंडी, सगळं मिळून साडेपाचशे किलोंच्या आसपास. पिंपं अर्धीच बुडतील. बांबू वाळका हवा, हिरवा जड पडतो. दोर काथ्याचा असेल तर ओला झाल्यावर गाठी पुन्हा आवळून घ्यायच्या. वल्ह्यापेक्षा लांब बांबू कामाचा, कारण तळ टेकवून ढकलायचंय. पिंपांची बुचं वरच्या बाजूला येतील असं बांधायचं. खाली आली आणि एक जरी सैल असलं तर पिंप हळूहळू पाणी पितं आणि ताफा एका कोपऱ्याला कलतो.

थोर हायरडाल 1947 साली पेरूहून बाल्सा लाकडाच्या नऊ ओंडक्यांवर बसून 101 दिवसांत पॅसिफिकमधल्या रारोया बेटाला लागला. त्याला वाटेत धरण लागलं नाही, ही त्याची चैन. आपल्या ताफ्याला पहिलं हतनूर लागतं ते सुदैवानं भुसावळच्या वरच. 1982 साली झालेल्या त्या धरणाच्या खालून निघायचं. गिरणेच्या संगमाचं रामेश्वर, पुढे वर्षानुवर्षं रखडलेल्या पाडळसे धरणाचं अर्धवट बांधकाम, मुडावदला पांझरेचा संगम आणि कपिलेश्वर. मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे ओळीनं तीन बॅरेज. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते. प्रकाशाला गोमाईचा संगम आणि केदारेश्वर. तिथल्या पांढरीत 1955 च्या सुमारास बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती सापडली, म्हणजे माणसं या काठाला तीन हजारांहून अधिक वर्षं टिकून आहेत. या तिन्ही बॅरेजांचे दरवाजे बंद असले तर समोर काँक्रीटची भिंत, उघडे असले तर त्यांच्या जवळपास फिरकूही नये. होडी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरवायची सोय यातल्या एकाही ठिकाणी नाही. ताफा सोडायचा, पिंपं ट्रॅक्टरवर टाकायची, पलीकडे पुन्हा बांधायचा. तापी आता पायऱ्यापायऱ्यांची झाली आहे.

सगळ्यात मोठी पायरी उकाई. 1972 साली पुरं झालेलं जवळजवळ पाच किलोमीटर लांबीचं धरण आणि त्यामागे सुमारे 600 चौरस किलोमीटरांचं पाणी, थेट नंदुरबार जिल्ह्यात शिरलेलं. दीडशेहून अधिक गावं त्याखाली गेली, त्यांत बहुतेक भिल्ल, गावीत, वसावे अशा आदिवासी कुटुंबांची. सातपुडा आणि सह्याद्रीच्या रांगा जवळ येऊन नदीला जिथं खडकात चेपत होत्या, ती जागाही आता तळाशी आहे. घरचा ताफा खऱ्या अर्थानं रोजच्या कामात दिसतो तो अशा फुगवट्यांवर. ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब, नाहीतर पोत्यात शिवलेला थर्माकोल, त्यावर एक माणूस मांडी घालून, हाताएवढ्या फळीनं वल्हवत जाळं सोडतो. एक घनमीटर थर्माकोलचं वजन पंधरा-वीस किलो, आणि तो साडेनऊशे किलोंच्या वर भार झेलतो. यापेक्षा स्वस्त नाव नाही. यापेक्षा सहज उलटणारीही नाही.

ज्यांना यात मौज वाटते त्यांनी गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची गोष्ट आठवावी. तिथली मुलं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेत जात होती. 2023 साली बातमी आली तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ताफ्यावरचा प्रवास आपल्याकडे कुणी हौसेनं करत नाही. पूल नसतो, म्हणून करतात.

उकाईच्या खाली काकरापार. 1954 च्या सुमाराचा बंधारा, शेजारी अणुवीज केंद्र. त्या पाण्यात बांबू घेऊन कुणी फिरकू देणार नाही. मांडवीपासून पुढे नदी पुन्हा रुंद आणि शांत. मग कठोर, आणि सुरतेच्या तोंडाशी सिंगणपोरचा बंधारा. 1995 चा हा बंधारा शहराला पिण्याचं पाणी पुरवतो आणि खालून येणारी भरती अडवतो. त्याच्या मागच्या साचलेल्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. महापालिकेची यंत्रं ती उपसत असतात आणि ती पुन्हा वाढत असते. बंधाऱ्याखाली राज्य समुद्राचं. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात मोठ्यांपैकी. ताफा भरतीच्या वेळी पाण्यात टाकला तर तो डुमसकडे न जाता उलटा बंधाऱ्याच्या भिंतीकडे निघेल. भरतीचं गणित चुकलं की काय होतं ते 2025 च्या गणेशोत्सवात मुंबईनं पाहिलं. लालबागच्या राजाचा नवा यांत्रिक तराफा आणि गिरगावची भरती यांचा मेळ बसेना आणि विसर्जन कित्येक तास लांबलं.

सुरतेत ताफ्यांचा खरा दिवस ऑगस्ट 2006 मध्ये उगवला. वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस, उकाई भरलेली, आणि सोडलेलं पाणी 9 लाख क्युसेकच्या आसपास पोचलं. होप पुलाजवळची धोक्याची पातळी साडेनऊ मीटर; नदी बारा मीटरच्या वर गेली. 1968 च्या पुरातही ती बारावर गेली होती, पण तेव्हा उकाईही नव्हती आणि एवढं शहरही नव्हतं. रांदेर, अडाजण, कतारगाम भागांत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. तळमजल्यावरच्या माणसांनी ट्यूब, पिंपं, दारं, गाद्यांचा फोम, जे तरंगेल ते जवळ केलं. दूध आणि पिण्याचं पाणी हेलिकॉप्टरमधून टाकावं लागलं. धरणातलं पाणी आधीच थोडंथोडं सोडायला हवं होतं का, यावर सुरतेत अजून वाद होतो. माझ्या मते वादाचा मुद्दा रास्त आहे. पूर अडवायला बांधलेलं धरण पावसाळ्याच्या मध्यावर काठोकाठ ठेवलं तर ते पूर अडवत नाही, फक्त त्याची वेळ बदलतं.

आणि तरीही खानदेशातून सुरतेला एक लोंढा उतरला, तापीच्या बाजूबाजूनं. 1900 च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरत ते अमळनेर पुरी झाली: व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. रो आणि मंडी ज्या वाटेनं गेले, जवळपास तीच. नवापूरच्या स्टेशनावर दोन राज्यांची हद्द फलाटावरच आहे. एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. याच रुळांवरून धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसं यंत्रमागांवर, रंगाईच्या कारखान्यांत, साड्यांच्या पॅकिंगला गेली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत आज अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. श्रावणात तिथं कानबाई बसते, रोट होतात, मिरवणूक निघते. नदीनं जे काम कधी केलं नाही ते रेल्वेनं सव्वाशे वर्षं केलं. आणि न्यू ऑर्लीन्सला नाव फोडून विकणाऱ्या शेतकऱ्याला जे मिळालं नाही, ते या माणसांना त्याच तिकिटाच्या भावात मिळालं: आखाजी आणि लग्नसराई आली की सुरतेहून नंदुरबार-अमळनेरकडे निघणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.