कारखाने बारा महिने, मग हिवाळ्यातच धूर का?



माझ्या आजीला दमा आहे. थंडी पडली की तिला पहाटे फार दम लागतो. मागच्या हिवाळ्यात ती बाबांना म्हणाली, "कारखाने तर बारा महिने चालतात. मग मला ह्याच दिवसांत का त्रास होतो रे?" बाबा कंपनीत कामाला आहेत, पण त्यांनाही सांगता आले नाही. मग मी बाईंना विचारले. बाईंनी नकाशा काढून समजावले. तेच मी लिहीत आहे.

छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. २०२३ साली नाव बदलले. हे शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला सातारा-देवळाईचे डोंगर आणि मधल्या सखल भागात खाम नदीकाठी शहर. पूर्वेला चिकलठाणा व शेंद्रा आणि पश्चिमेकडे वाळूज इथे कारखाने आहेत. आमचे गाव वाळूजच्याही पश्चिमेला आहे. मुंबईची हवा समुद्राचा वारा हलवत राहतो. आपल्यापासून समुद्र लांब, म्हणून तो वारा आपल्याला मिळत नाही.

आता एकेक ऋतू बघू.

पावसाळा : वारा पश्चिमेकडून जोरात येतो. पाऊस हवेतली धूळ धुऊन खाली आणतो. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच पाऊस पडतो, कारण ढगांचे पुष्कळ पाणी सह्याद्रीवरच पडून जाते. तरी पण ह्या दिवसांत हवा सगळ्यात चांगली असते.

उन्हाळा : जमीन तापते. गरम हवा वर जाते आणि धूरही वर नेते. पण वावरं उघडी पडलेली असतात, माती वाळलेली असते. वावटळ आली की धूळच धूळ. त्यात रस्त्याची कामे आणि मोटारी. धुळीचे काही कण इतके बारीक असतात की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत पाच-सहा मावतील. त्याहून बारीक असतात ते नाकात अडकत नाहीत, थेट छातीत जातात.

हिवाळा : रात्री जमीन गार पडते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते. वरची हवा मात्र जरा ऊबदार राहते. ती पातेल्यावरच्या झाकणासारखी बसते आणि धूर खालीच कोंडतो. तुम्ही स्वतः बघा. पहाटे चुलीचा धूर घरांवर आडवा पसरतो. ऊन तापले की तोच धूर सरळ वर जातो. शिवाय हिवाळ्यात वारा मंद असतो आणि बहुतेक पूर्वेकडून येतो. म्हणून वाळूजकडची हवा आमच्या गावाकडे सरकते. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. कारखाने तेच, पण हवा बदलते.

मी एक प्रयोगही केला. तीन पांढऱ्या पुठ्ठ्यांना खोबरेल तेल लावले. एक डांबरी रस्त्याजवळ ठेवला, एक वावरात आणि एक आमच्या घरामागे. तीन दिवसांनी बघितले. मला वाटले होते रस्त्याजवळचाच जास्त काळा होईल. पण घरामागचा सगळ्यात काळा झाला! कारण तिथे आम्हीच रोज संध्याकाळी कचरा आणि पऱ्हाट्या जाळत होतो. मला वाईट वाटले. आजी त्याच्याच पलीकडच्या खोलीत झोपते.

केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात आपल्या शहराचेही नाव आहे, कारण इथली धूळ ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरली. कारखान्यांनी आणि शहराने आपले काम करावेच. पण आपणही करू या.

आता बाबा कचरा जाळत नाहीत, उकिरड्यात टाकून खत करतात. प्लास्टिक वेगळे ठेवतात. आजी ऊन पडल्यावरच बाहेर येते. पालकांनो, माझी विनंती आहे, हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ काही जाळू नका. तुमच्याही घरी आजी-आजोबा असतील.

लिहिताना काही चुकले असेल तर माफ करा.