छायाचित्रकाराचे पंचांग

ज्याचा चरितार्थ इतरांच्या मंगलकार्यांवर चालतो, त्याला स्वतःच्या घरची सुटी चारचौघांबरोबर घेता येत नाही. पुरोहित, वाजंत्री, आचारी आणि मांडववाले यांच्या कुटुंबांना हा अनुभव पिढीजात आहे; छायाचित्रकार या मंडळीत उशिरा दाखल झाला, परंतु दाखल झाल्यावर त्याच्याही बायकामुलांनी हीच वहिवाट स्वीकारली. माझे आयुष्य छत्रपती संभाजीनगरातल्या, म्हणजे आमच्या जुन्या पाकिटांवरच्या शिक्क्यांत अजूनही औरंगाबाद असलेल्या शहरातल्या, अशाच एका घरात गेले असल्यामुळे या व्यवसायाचा आढावा घेताना मी यंत्रांपासून आरंभ न करता वर्षाच्या मांडणीपासून करतो. कारण छायाचित्रकार केव्हा कामावर असतो आणि केव्हा घरच्यांबरोबर बाहेर पडतो, यावरच त्याच्या हातून कोणत्या शहराचे चित्र शिल्लक राहते हे ठरत असते.

येथील छायाचित्रकाराला तीन पंचांगे सांभाळावी लागतात. हिंदू घरांतली लग्ने तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, पौषात बहुधा थांबतात, माघापासून पुन्हा जोर धरतात, वैशाख-ज्येष्ठात त्यांना ऊत येतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मांडव उतरतात. मुसलमान कुटुंबांतले निकाह सामान्यतः मोहरम आणि रमजान टाळून होतात. आणि हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे हे मोकळे महिने दरवर्षी मागे सरकत सरकत सर्व ऋतूंतून फिरून येतात. बौद्ध मंगलपरिणयाला तर मुहूर्ताचे बंधनच नाही. पाहुण्यांची सोय पाहून तो रविवारी किंवा मे महिन्याच्या सुटीत होतो. या तिन्हींची गोळाबेरीज केल्यावर ज्या काळात छायाचित्रकाराला घरच्यांसाठी एखादा दिवस बाजूला काढता येतो, असा भरवशाचा महिना एकच उरतो, तो म्हणजे श्रावण. भाद्रपद लागला की राजाबाजारातल्या संस्थान गणपतीपासून गल्लीतल्या मंडळापर्यंत बोलावणी सुरू होतात, आश्विनात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते आणि दिवाळीत तर स्टुडिओचे दार लावायलाही फुरसत मिळत नाही.

म्हणून आमच्यासारख्यांच्या घरच्या अल्बमांत पाऊसच पाऊस आहे. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत येणाऱ्या प्रवाशाने टिपलेले वेरूळ उन्हात तापलेले, पिवळ्या गवताचे असते. छायाचित्रकाराच्या कुटुंबाचे वेरूळ ओलेचिंब, काळेभोर आणि शेवाळलेले असते. म्हैसमाळच्या पठारावर ढग इतके खाली उतरतात की चार पावलांवरचे मूल पुसट होते. दौलताबादच्या किल्ल्याचा खंदक हिरव्या पाण्याने भरलेला असतो. घृष्णेश्वराला सोमवारची आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीला शनिवारची गर्दी असल्यामुळे हे दोन वार टाळून मंडळी निघतात. वेरूळच्या लेण्यांचे मुख पश्चिमेकडे आहे, त्यामुळे कैलासावरचे ऊन पाहायचे तर दुपार कलती व्हावी लागते, आणि व्यवसायाच्या कामाला गेलेला छायाचित्रकार त्या वेळेची वाट पाहत बसतो. श्रावणात मात्र ऊन नसतेच, आणि ते नसल्यामुळेच खोल कोरीव कामातल्या आकृती कडक सावल्यांत बुडून न जाता सारख्या मऊ उजेडात सुटसुटीत दिसतात. पाठीमागे पांढरे आभाळ आले की प्रकाशमापक फसतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात, यासाठी अ‍ॅपर्चर एक स्टॉप अधिक उघडावे लागते, हे मी वडिलांकडून शिकलो ते २९ क्रमांकाच्या लेण्याजवळच्या धबधब्यापाशी, सीतेच्या नहाणीवर; शिकवणी चालू असताना मागून आईची हाक येत होती, ‘अहो, आधी पोरांना जेवू द्या, मग काय तो फोटो काढा.’ त्या दिवशीच्या चित्रात फडक्यावर पसरलेल्या दशम्या आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे, आणि छत्री मुलांवर न धरता कॅमेऱ्यावर धरलेली माझी आत्या अर्धीमुर्धी चौकटीत आली आहे.

या जिल्ह्यात कॅमेरा आला तोही कामगिरीवरच आला. मद्रासच्या लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमण्यात आले. अजिंठा गावातच त्याने बिऱ्हाड केले, वर्षानुवर्षे रंगांत नकला केल्या, आणि १८५६ च्या सुमारास तो छायाचित्रणाकडे वळला. त्याच्या रंगीत नकलांपैकी बहुतेक लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. परंतु लेण्यांची त्याने घेतलेली जोडचित्रे, म्हणजे दोन डोळ्यांनी एकदम पाहिल्यावर खोली भासविणारी छायाचित्रे, जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली असल्याने टिकून राहिली. ज्या कामासाठी त्याने आयुष्य वेचले ते जळाले आणि ज्याला तो उत्तरायुष्यात लागला ते उरले. १८७९ साली त्याचा मृत्यू झाला. भुसावळला त्याची कबर आहे.

त्याच्यानंतरचे मोठे नाव लाला दीनदयाळ यांचे. मेरठजवळच्या सरधन्याचे, रुरकीच्या स्थापत्य महाविद्यालयात शिकलेले, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रणात शिरलेले हे गृहस्थ सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खान यांच्या पदरी दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब पावले. औरंगाबादचा सुभा निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे बीबी का मकबरा, दौलताबाद, रौजा म्हणजेच खुलताबाद, आणि वेरूळ यांची उत्कृष्ट छायाचित्रे त्यांच्या स्टुडिओकडून निघाली. ती आजही जगभरच्या संग्रहांतून पाहायला मिळतात. परंतु त्याच स्टुडिओने १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबादेतल्या मदतकार्याचीही चित्रे घेतली. हाडांचे सापळे झालेली माणसे एका ओळीत बसविली आहेत, आणि खाली मथळा आहे तो कृशतेच्या प्रकारांचा. ती माणसे कोणत्या गावची, कोण कोणाची, त्यांतली किती वाचली, याचा तेथे पत्ता नाही. सरकारी कामगिरीवर घेतलेल्या चित्राचे सामर्थ्य आणि उणेपण या एका अल्बमात जितके एकत्र दिसते तितके मला इतरत्र दिसलेले नाही: दुष्काळ कोणालाही नाकारता येणार नाही इतका पुराव्यानिशी सिद्ध होतो, आणि दुष्काळात सापडलेला माणूस मात्र निनावी राहतो.

पोलिस कारवाईनंतर, १७ सप्टेंबर १९४८ पासून, या शहराच्या छायाचित्रकाराचा धनी बदलला. दरबार गेला, त्याच्या जागी शाळा, सहकारी संस्था, नगरपालिका, महाविद्यालये आणि वर्तमानपत्रे आली. मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले, विद्यापीठ १९५८ साली. प्रत्येक संस्थेला कोनशिलेचा, संमेलनाचा आणि निरोपसमारंभाचा फोटो हवा होता. अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालच्या दैनिक ‘मराठवाडा’साठी सभेचा फोटो द्यायचा म्हणजे सभा संपताच सायकल हाणीत स्टुडिओ गाठायचा, अंधाऱ्या खोलीत रिळाचे आणि तांबड्या दिव्याखाली कागदाचे सोपस्कार उरकायचे आणि ब्लॉक करायला वेळ राहील इतक्या बेताने ओली प्रत पोचती करायची. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी आणि उद्‌घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ रोजी झाले. या दोन समारंभांच्या मधल्या काळात गोदाकाठची जी गावे पाण्याखाली गेली, त्यांतल्या अंगणांची, वेशींची आणि पारांची चित्रे शोधायची झाली तर समारंभांच्या फोटोंत ती सापडणार नाहीत, तेथे लागलेल्या लग्नांच्या अल्बमांतच सापडतील. नवरानवरीच्या मागे जी भिंत दिसते, तीच आज नाथसागराच्या, म्हणजे त्या धरणाच्या जलाशयाच्या, तळाशी आहे.

येथे एका व्यावसायिक बारकाव्याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. एकशेवीस क्रमांकाच्या रिळावर चौकोनी चित्रे बाराच येत. रीळ महाग, त्यामुळे समारंभाला गेलेला छायाचित्रकार प्रत्येक चित्र मोजून घेई; पाहुण्यांचा आग्रहच झाला तर नुसता फ्लॅश उडवून त्यांचे समाधान करी, आणि परत येताना रिळात दोन-तीन चित्रे बहुधा शिल्लक राहत. धुलाई तर त्याच रात्री करायची असे. मग ती उरलेली चित्रे वाया का घालवावीत म्हणून घरातली मुले, दारात भाजी निवडत बसलेली आजी, शेजारचा शिंपी यांच्यावर ती खर्ची पडत. स्टुडिओवाल्यांच्या घरांतली कौटुंबिक छायाचित्रे श्रावणातल्या सहली सोडल्या तर बहुतांशी अशा रिळांच्या शेपटांवर जन्माला आली आहेत. माझ्यापुढे आता अशीच एक पट्टी आहे. पहिल्या चित्रात सतरा सप्टेंबरचे ध्वजवंदन आहे, झेंडा उलगडताना त्यातून फुलांच्या पाकळ्या सुटल्या आहेत. दुसऱ्यात टोप्या घातलेले स्वातंत्र्यसैनिक रांगेने उभे आहेत, त्यांतल्या एकाने हातातली काठी दुसऱ्याला धरायला दिली आहे कारण त्याला सावधान उभे राहायचे आहे. आणि तिसऱ्यात स्टुडिओच्या पायरीवर कागदी झेंडा घेऊन माझी धाकटी बहीण बसली आहे, झेंड्याची काडी तिने तोंडात घातली आहे. सैनिकांची नावे पाकिटावर लिहिलेली नाहीत. बहिणीच्या फ्रॉकवरून आणि पुढच्या दोन पडलेल्या दातांवरून मात्र आई आजही वर्ष सांगते, आणि तिने सांगितलेल्या वर्षावरून ध्वजवंदनाचे वर्ष ठरते.

म्हणून माझे असे ठाम मत आहे की, कामगिरीची चित्रे ‘ऐतिहासिक’ म्हणून वेगळी काढायची आणि घरगुती चित्रे बाजूला टाकायची, ही जी रीत संग्रह करणाऱ्यांत पडू पाहत आहे, ती घातक आहे. पहिल्यांत प्रसंग आहे आणि माणसांची ओळख नाही. दुसऱ्यांत ओळख आहे आणि प्रसंग नाही. एकाच पट्टीवर ती शेजारी असताना कात्री लावणे म्हणजे दस्तऐवजातून साक्षीदाराची सही फाडणे होय.

काही स्थळी तर हा भेद आपोआपच मिटतो. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे येतात, अभिवादन करतात, पुस्तके विकत घेतात आणि कमानीसमोर कुटुंबासह उभी राहून फोटो काढून घेतात. फिल्मच्या काळात छायाचित्रकार वहीत पत्ता लिहून घेई आणि प्रती टपालाने रवाना करी. ज्यांच्या घरात तोवर एकही फोटो नव्हता अशा किती घरांतला पहिला फोटो त्या कमानीखालचा असेल! त्याला समारंभाचा म्हणावे की सहलीचा, हा प्रश्न त्या कुटुंबाला पडत नाही. पुढाऱ्यांच्या मंचावरच्या फोटोंपेक्षा मला तेच त्या दिवसाचे खरे दफ्तर वाटते.

पैठणची नाथषष्ठी ही छायाचित्रकाराच्या कसबाची परीक्षा असते. फाल्गुन वद्य अष्टमीला काल्याची हंडी फुटते ती सूर्यास्ताच्या वेळी. म्हणजे गर्दी, हालचाल आणि आनंद शिगेला पोचतो नेमका त्याच वेळी उजेड पळत असतो. फ्लॅश मारावा तर पुढच्या दोन रांगा पांढऱ्या पडतात आणि मागचा समुदाय काळोखात जातो. न मारावा तर उंचावलेले हात हलून पुसट होतात. जुने लोक दुसरा मार्ग पत्करीत आणि हात पुसट होऊ देत. खुलताबादचा उरूस, वेरूळ-अजिंठा महोत्सव, जो पूर्वी कैलासाच्या सान्निध्यात होई आणि पुढे सोनेरी महालात गेला, यांविषयीही पुष्कळ लिहिता येईल. परंतु तेथे दिवे मंचाच्या सोयीने लावलेले असल्यामुळे छायाचित्रकाराला स्वतःचे असे फारसे ठरवायचे उरत नाही.

डिजिटल कॅमेऱ्याने रिळाचे शेपूट नाहीसे केले. आता एका लग्नात हजारो चित्रे निघतात, ड्रोन मांडवावर फिरतो, लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी वधूवर मकबऱ्याच्या आवारात आणि दौलताबादच्या वाटेवर पहाटे हजर होतात. या पिढीचे काम मी आदराने पाहतो. अजिंठ्याच्या अंधारात फ्लॅश न वापरता बिनय बहल यांनी १९९० च्या दशकारंभी भित्तिचित्रांचे जे रंग टिपले, तेव्हापासून अल्प उजेडात धीर धरण्याची विद्या आपल्याकडे रुजली आहे आणि नवी मुले तिच्यात आमच्यापेक्षा पुढे आहेत. परंतु चित्रांची मोजदाद राहिली नाही तशी नावांची नोंदही राहिली नाही. डिस्क बिघडली की सबंध वर्ष जाते.

आणि जुने तर डोळ्यांदेखत चालले आहे. शहरातले अनेक स्टुडिओ बंद झाले. नेगेटिव्हांच्या पेट्या माळ्यावर गेल्या, दमट हवेत त्यांना बुरशी धरली, आणि पुष्कळशा पेट्या फिल्मवरच्या चांदीसाठी किलोच्या भावाने भंगारात गेल्या. एखाद्या घराने तसे केले म्हणून दोष देण्याची माझी इच्छा नाही, कारण ठेवायचे कोठे हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. शहरात महानगरपालिकेचे वस्तुसंग्रहालय आहे, विद्यापीठात इतिहासाचा विभाग आहे. या दोहोंनी मिळून नेगेटिव्हांसाठी एक कोरडी, थंड खोली आणि दोन जाणकार माणसे एवढा बंदोबस्त केला तरी काम सुरू होईल. तोवर ज्यांच्या घरी अशा पेट्या आहेत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाकाव्यात, पट्ट्या न कापता कोऱ्या कागदी पाकिटांत घालाव्यात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उजेडात बसवून, डावीकडून उजवीकडे, एकेक नाव विचारून पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहून घ्यावे. समारंभाचे नाव त्यानंतर लिहिले तरी चालेल.