मलांजखंडचे वय किती?

गोंदियाहून बालाघाट आणि पुढे बैहरचा घाट चढून गेले की मलांजखंड येते. हा भाग आज मध्य प्रदेशात असला, तरी १९५६पर्यंत बालाघाट जिल्ह्याचा कारभार नागपूरहूनच चालत असे. तरीही जुन्या नागपूरकराला बालाघाट म्हटले की आठवते ते भरवेलीचे मँगनीज. मलांजखंडचे तांबे नकाशावर ठळक झाले ते बरेच उशिरा, आणि ते नेमके कसे व कधी तयार झाले यावरचा वाद तर त्याहूनही लांबला.

गंमत अशी की हा साठा लपलेला कधीच नव्हता. ग्रॅनाइटच्या मुलखात गारगोटीची सुमारे दोन किलोमीटर लांबीची, धनुष्यासारखी वाकलेली जाड शीर डोंगराच्या रूपाने उभी होती. भोवतीचा ग्रॅनाइट झिजत गेला, गारगोटी टिकली. तिच्या अंगावर मॅलेकाइट या तांब्याच्या खनिजाचे हिरवे डाग होते आणि कुणीतरी कधीकाळी केलेल्या खोदकामाच्या खुणाही होत्या. म्हणजे इथे तांबे आहे हे भूवैज्ञानिक पोहोचण्याआधीच कुणाला तरी ठाऊक होते. ते किती आहे आणि किती खोल जाते, एवढेच ठरवायचे राहिले होते.

ते काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस पद्धतशीर हाती घेतले. विंधनातून चित्र स्पष्ट होत गेले. शीर पूर्वेकडे बरीच उभी उतरते. वरच्या थरात हवापाण्याने खनिजाचे ऑक्सिडीकरण झालेले. तिथून झिरपलेल्या पाण्याने तांबे खाली नेऊन चॅल्कोसाइटच्या रूपात साठवलेले. आणि त्याखाली मूळचे, पितळी चमकीचे चॅल्कोपायराइट. टनभर दगडात तांबे सरासरी दहा-बारा किलोच्या आसपास. ऐकायला ते किरकोळ वाटते, पण एवढ्या मोठ्या साठ्यासाठी उत्तमच. १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपरकडे हा साठा आला आणि १९८२ साली खाण सुरू झाली. पुढे ती देशातली तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण ठरली. डोंगराच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा झाला.

खड्डा खोल जाऊ लागला तसा अभ्यासकांना नवा दगड पाहायला मिळू लागला, आणि वादालाही धार चढली. प्रश्न होता, हा साठा पॉर्फिरी प्रकारचा, म्हणजे शिलारसातून आलेल्या उष्ण द्रवांनी खडकभर विखरून ठेवलेला, म्हणावा का? १९७० साली डेव्हिड लॉवेल आणि जॉन गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकांनी पॉर्फिरी प्रकारच्या तांबे-मॉलिब्डेनम साठ्यांचे एक प्रारूप मांडले होते. त्यामागे लॉवेल यांचा ॲरिझोनातला पराक्रम होता. सॅन मॅन्युएलचा साठा म्हणजे प्रस्तरभंगाने कापलेला अर्धा भाग आहे, उरलेला अर्धा सरकून दुसरीकडे गेला असणार, असा तर्क त्यांनी केला आणि १९६५च्या सुमारास विंधन करून कॅलमाझूचा तो हरवलेला अर्धा शोधून काढला. दगडात उष्ण द्रवांमुळे झालेल्या बदलांची एकाभोवती एक कवचे वाचून साठ्याचा पत्ता लावता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. मग जगभर जुने साठेही याच फूटपट्टीने मोजले जाऊ लागले.

मलांजखंड त्या फूटपट्टीत नीट बसेना. सिक्का यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा साठा पॉर्फिरीच आहे असे मांडले. पण पॉर्फिरीत खनिज बहुधा खडकभर बारीक जाळ्यात विखुरलेले असते. इथे तर मुख्य माल एका जाड गारगोटीत एकवटलेला. १९९७ साली पाणिग्रही आणि मुखर्जी यांनी द्रवांच्या अभ्यासावरून सांगितले की नाते ग्रॅनाइटशी असले, तरी खनिज आणणारे द्रव तुलनेने कमी तापमानाचे होते. शिरेजवळचा ग्रॅनाइट गुलाबी का, हा प्रश्नही सोपा नाही. करडा ग्रॅनाइट द्रवांमुळे बदलून तसा झाला असेल, तर पॉर्फिरीवाल्यांची बाजू बळकट होते. मुळातच तो तसा असेल, तर नाही.

या भांडणात साक्ष दिली ती दुय्यम गणल्या गेलेल्या खनिजाने. मॉलिब्डेनाइट हे मॉलिब्डेनमचे खनिज इथे थोडेच आहे. करडे, मऊ, हाताला काळपट लागणारे, कागदावर रेघ ओढणारे. निळसर झाक दिसली नाही, तर कुणीही त्याला ग्राफाइट म्हणेल. पण स्फटिक तयार होताना ते रेनियम धातू सामावून घेते आणि ऑस्मियम जवळपास घेतच नाही. रेनियम-१८७चे ऑस्मियम-१८७ होण्याचा वेग ठाऊक आहे. अर्धायुष्य सुमारे ४,२०० कोटी वर्षे. म्हणून आज स्फटिकात सापडणारे ऑस्मियम जवळजवळ सगळे त्याच्या जन्मानंतरचे, आणि त्यावरून वय काढता येते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या हॉली स्टाइन आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २००४ साली मलांजखंडच्या मॉलिब्डेनाइटचे वय प्रसिद्ध केले: सुमारे २४९ कोटी वर्षे.

हा आकडा थक्क करणाराच. पॉर्फिरी साठे भूपृष्ठाच्या काही किलोमीटर आत तयार होतात, त्यामुळे काळाच्या ओघात बहुतेक झिजून नाहीसे होतात. अँडीजमधले प्रसिद्ध साठे त्यामानाने अगदी कालपरवाचे. स्टाइन यांच्या गटाने मलांजखंडला पॉर्फिरीच म्हटले आणि बस्तर भूखंडाच्या उत्तर काठावर तेव्हा भूपट्ट एकमेकांवर येत होते, असा अर्थ लावला. ग्रॅनाइटमधल्या झिर्कॉनचे वयही याच सुमाराचे निघाले, त्यामुळे साठा आणि ग्रॅनाइट एकाच घडामोडीची अपत्ये आहेत, एवढे तरी पक्के झाले. मात्र वय ठरले म्हणून प्रकार ठरत नाही. पॉर्फिरीचे नाव सर्वांनी मान्य केलेले नाही, आणि गारगोटीची ती अवाढव्य शीर पाहता शंका घेणाऱ्यांची बाजू दुबळी वाटत नाही.

दरम्यान उघड्या खाणीखालून भूमिगत खाणकाम सुरू झाले आहे. मॉलिब्डेनमसाठी भारतीय पोलाद उद्योग मात्र अजूनही आयातीवरच विसंबून आहे.