हसू नका, पासाचा फोटो आहे

मुंबईला नोकरीला जाणाऱ्या नेरळकराला फोटो स्टुडिओची पायरी चढायला लावली ती बहुतेक वेळा रेल्वेनं. मासिक पास काढायचा तर ओळखपत्र हवं आणि ओळखपत्रावर फोटो हवा. त्याआधी दहावीचा फॉर्म, नंतर नोकरीचा अर्ज, मग बँकेचं खातं. फोटोग्राफर गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचा, हनुवटी दोन बोटांनी जराशी वर करायचा आणि बजावायचा, ‘हलू नका.’ तीन प्रती परवा मिळायच्या. नेरळ, कर्जत, खोपोली अशा रेल्वेकाठच्या गावांतल्या स्टुडिओंची चूल या पासपोर्ट साइजवर पेटली. कला होती, पण ती फावल्या वेळातली.

उल्हास नदीच्या या खोऱ्यात कॅमेरा आणि आगगाडी यांची चाहूल एकाच दशकात लागली. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही मंडळी तिच्यात होती आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. दोनच वर्षांत, 1856 मध्ये, रेल्वे नेरळ-कर्जतवरून खोपोलीपर्यंत पोचली. पुढे बोरघाट आडवा होता.

त्या घाटाच्या कामाचं कंत्राट 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजानं घेतलं आणि भारतात आल्यावर काही दिवसांतच तो वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस मागे हटली नाही. तिनं कंत्राट अंगावर घेतलं, काम अनुभवी इंजिनिअरांवर सोपवलं आणि कॅमेरा घेऊन बोगद्यांचे, पुलांचे, कापलेल्या डोंगरांचे फोटो काढले. 1863 मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. तेव्हाचं फोटोचं तंत्र म्हणजे काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. त्यासाठी अंधारी खोली नाही तर तंबू कॅमेऱ्याच्या जवळपासच लागायचा. गावागावांत स्टुडिओ निघायला मधे बराच काळ जावा लागला, त्याचं एक कारण हेच.

घाटाच्या वर लोणावळ्याला या धंद्यातलं आणखी एक मोठं नाव राबून गेलं. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटोग्राफर होते आणि नंतर लोणावळ्यात रविवर्मा प्रेससाठी छपाईची कामं करत होते. फोटो काढला की माणसाची शक्ती जाते, हा लोकांचा समज त्यांच्याही धंद्याला नडला होता. घाटाखाली मात्र 1907 मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली आणि कौतुकानं फोटो काढून घेणारा पर्यटक या मुलखात येऊ लागला.

स्टुडिओचं खरं काम पडद्यामागे चालायचं. खिडक्यांना काळा कागद, छताला लाल दिवा आणि ओळीनं तीन ट्रे: डेव्हलपर, पाणी आणि फोटो पक्का करणारा हायपो. ब्रोमाइड पेपरवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नाही, म्हणून तो दिवा. कागद पहिल्या ट्रेमध्ये बुडवून हलवत राहिलं की आधी केस, मग भुवया, मग शर्टाची कॉलर उमटायची. नेमक्या क्षणी उचलला नाही तर चेहरा काळवंडायचा. हायपोत पुरेसा ठेवला नाही, नीट धुतला नाही, तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडायचा. बोटांना येणारा हायपोचा वास साबणानं जात नसे.

त्याहून नाजूक काम रिटचिंगचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं: डोळ्यांखालचं काळं तिथं पारदर्शक दिसतं. त्या पारदर्शक जागी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं हलके ठिपके भरले की छापताना तिथून प्रकाश कमी जातो आणि प्रिंटवर सुरकुती उजळते. भिंग लावून तास न् तास हे काम चालायचं. मुलगी दाखवायचा फोटो असेल तर मजुरी थोडी जास्त.

लग्नाला जाताना हिशेब डोक्यात ठेवावा लागे. 120 च्या रोलवर चौकोनी फोटो फक्त बारा, 35 मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. मंगळाष्टकांच्या शेवटच्या ‘सावधान’ला रोल संपलेला असेल तर पुन्हा अंतरपाट धरायला कोण सांगणार? रंगीत फिल्म आली आणि धुलाई स्टुडिओच्या हातून लॅबकडे गेली. मुंबईच्या लोकलवर असलेल्या गावांना रोल पाठवणं सोपं पडलं, पण डार्करूमला कुलूप लागलं.

पुढचे घाव भराभर बसले. डिजिटल कॅमेऱ्यानं रोल संपवला, मोबाइलनं गिऱ्हाईक. सप्टेंबर 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्या कार्डावरचा फोटो नोंदणी केंद्रातच निघतो, स्टुडिओतून न्यावा लागत नाही. सरकारी कागदानंच पोसलेल्या धंद्याचा घास सरकारी संगणकानं काढून घेतला. टिकले ते ड्रोन शिकले, अल्बम डिझाइन करू लागले, नाहीतर दुकानात झेरॉक्सचं मशीन ठेवून बसले.

एक काम मात्र अजून स्टुडिओकडेच येतं. घरातलं माणूस गेलं की कुणीतरी जुना ग्रुप फोटो घेऊन धावत येतं: ‘यातला फक्त बाबांचा चेहरा मोठा करून द्या, दहाव्याच्या आत.’ अनेक घरांत भिंतीवरचा हार घातलेला फोटो असाच, कुणाच्या तरी लग्नातल्या तिसऱ्या रांगेतून उचललेला असतो.

या स्टुडिओंच्या माळ्यांवर निगेटिव्हचे गठ्ठे पडून आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस त्यांचा वैरी. दमटपणानं बुरशी धरते, जुनी फिल्म आंबट वास मारत आक्रसते. दुकान विकलं गेलं की गठ्ठे भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर गावाच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या वराती, शाळेचे वर्ग, पासावरचे चेहरे जातात. तेव्हा वाचकहो, ओळखीच्या स्टुडिओवाल्याला विचारा आणि गठ्ठे कोरड्या जागी, प्लॅस्टिकऐवजी कागदी पाकिटांत हलवा. घरच्या जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आणि हे काम चेहरे ओळखणारी आजी घरात आहे तोवरच करा.