मासळी जास्त लागली, तरी हिशोब कच्चा कसा?



बंदीत जाळी शिवता शिवता एकच विषय निघतोय. तिसऱ्या प्रकारच्या जाळ्याला खरंच जास्त बांगडा लागतो का? लागत असेल तर सगळ्यांनी कर्ज काढून तेच घ्यायचं का? कर्ज डोक्यावर बसण्याआधी आकडे नीट बघावेत, म्हणून हे लिहितो आहोत.

अशा तुलनेसाठी 'अनोव्हा' नावाची पद्धत आहे. इंग्लंडच्या रोनाल्ड फिशर यांनी ती शेतीच्या प्रयोगांसाठी बसवली. (आडनाव मासेमाराचं, काम मात्र गहू-बटाट्याचं!) तिच्यात दोन गोष्टी ताडून बघतात: जाळ्याजाळ्यांच्या सरासरीत फरक किती, आणि एकाच जाळ्याच्या फेऱ्यांमध्ये चढउतार किती. पहिल्याला दुसऱ्याने भागून 'एफ' मिळतो. एफ मोठा आला तर फरक जाळ्याचा. १ च्या आसपास आला तर नुसता नशिबाचाही असू शकतो.

समजा पहिल्या जाळ्याला तीन फेऱ्यांत ३८, ४०, ४२ किलो लागले, दुसऱ्याला ४४, ४६, ४८ आणि तिसऱ्याला ५०, ५२, ५४. एफ येतो २७. एवढ्या फेऱ्यांसाठी तो ५.१४ च्या वर गेला की फरक खरा धरतात. म्हणजे इथे शंका नाही.

आता सरासरी त्याच ठेवा, चढउतार तेवढा वाढवा. पहिल्याला ३०, ४०, ५०, बाकी दोघांनाही तसंच दहा-दहा किलो खालीवर. एफ घसरून १.०८!

खरी गंमत पुढे आहे. पहिलेच आकडे घ्या, पण तिसऱ्या जाळ्याच्या शेवटच्या फेरीला ५४ ऐवजी ११४ किलो लागले असं धरा. सरासरी ५२ वरून ७२ झाली, तांडेल खूश. पण एफ २७ वरून २ च्याही खाली येतो. कारण त्या एका फेरीने सरासरी वाढवली त्याहून कितीतरी जास्त चढउतार वाढवला. म्हणून ती फेरी खोडायची नाही. त्या दिवशी कुठे गेलो, पाणी कसं होतं, ते बाजूला लिहायचं.

वजनाचंही तसंच. सगळ्यांच्याच वजनात क्रेटचे २ किलो धरले गेले तर एफ जराही हलत नाही. पण फक्त तिसऱ्याच्या वजनात क्रेट-बर्फाचे ६ किलो राहिले असतील, तर दिसणारा एफ २७ आणि खरा ९. वाद इथेच होतात.

चढउतार समुद्राचा आहे, तो आपण कमी करू शकत नाही. फेऱ्या वाढवू शकतो. वरच्या १.०८ वाल्या आकड्यांचाच नमुना प्रत्येक जाळ्याच्या बारा फेऱ्यांत दिसला, तर एफ ६ च्या जवळ जातो, आणि तेव्हा लागतो ३.३ च्या आसपास.

तेव्हा १ ऑगस्टपासून प्रत्येक फेरीचं वजन, क्रेट वजा करून, सोसायटीच्या वहीत लिहा. रिकामी आलेली फेरीसुद्धा, शून्य म्हणून.