जनमत-अजमावणी

जनमत-अजमावणी : एखाद्या सामाजिक वा राजकीय प्रश्नावरील लोकांचे मत पद्धतशीरपणे जाणून घेण्याची प्रक्रिया. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. नमुना-पाहणीत निवडक व्यक्तींच्या उत्तरांवरून सबंध समाजाच्या मताचे अनुमान करतात, तर जनमतकौलात संबंधित प्रत्येकास मत नोंदविण्याची संधी असते.

ब्रिटनमध्ये नमुना-पाहण्यांना १९३७ पासून चालना मिळाली. १९४५ च्या निवडणुकीतील मजूर पक्षाची आघाडी अशा पाहणीतून आधीच दिसली होती. १९९२ मध्ये मात्र बहुतेक अंदाज चुकले. नमुना प्रातिनिधिक नसणे किंवा उत्तर देणाऱ्यांनी खरे मत न सांगणे, ही अशा चुकांची प्रमुख कारणे होत. भारतातील जनमतकौलाचे प्रसिद्ध उदाहरण गोव्याचे आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथील मतदारांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण सु. ३४,००० मताधिक्याने नाकारले.

भूसंपादनासारख्या स्थानिक प्रश्नावर जनमत अजमावल्याचे उदाहरण रायगड जिल्ह्यात आढळते. नवी मुंबईसाठी पनवेल, उरण व ठाणे परिसरातील ९५ गावांच्या जमिनी १९७० नंतर संपादित करण्यात आल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि जानेवारी १९८४ मधील गोळीबारात पाच शेतकरी मृत्यू पावले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. हा अनुभव ताजा असतानाच पनवेल, उरण व पेण या तालुक्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राची योजना पुढे आली. तिच्या विरोधातील लढ्याचे एक प्रमुख नेते एन. डी. पाटील (१९२९–२०२२) हे होत. २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावले. मत नोंदविणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी जमीन देण्यास विरोध दर्शविला. हा कौल कायद्याने बंधनकारक नव्हता. तथापि पुढे भूसंपादन पूर्ण झाले नाही आणि ही योजना मूळ स्वरूपात साकार झाली नाही.

या उदाहरणावरून अजमावणीचे महत्त्व व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. पनवेल व उरण तालुक्यांतील गावांना या कौलात स्थान नव्हते. शिवाय जमीनधारकांपुरत्या मर्यादित असलेल्या कौलात शेतमजूर, मिठागर कामगार किंवा सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रिया यांचे मत उमटत नाही; वस्तुतः जमीन गेल्यास त्यांचीही उपजीविका जाते. म्हणून कोणत्याही अजमावणीचे मोल ठरविताना मतांच्या संख्येबरोबरच कोणास विचारले, कोणता प्रश्न विचारला, मत गुप्त राहिले काय आणि उत्तर स्वीकारण्यास विचारणारा बांधील होता काय, हेही पाहावे लागते.